अंतर कुठून मोजायचं

जालन्याहून भोकरदनकडे निघालं की रस्त्याकडेच्या फलकांवर 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा' अशी अक्षरं आणि पुढे एखादा आकडा दिसत राहतो. प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. बांधकाम खात्याची ही रोजची भाषा. तिचं मूळ डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात भरलेल्या एका परिषदेत आहे. महायुद्ध चालू होतं, स्वातंत्र्याला अजून पावणेचार वर्षं होती, आणि प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य अभियंते पुढच्या वीस वर्षांच्या रस्त्यांचा आराखडा करायला बसले होते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते ही त्यांनी लावलेली प्रतवारी थोड्याफार फरकाने आजही चालते. मला मात्र त्या आराखड्यातली एक साधी अट फार मोलाची वाटते. शेतीच्या विकसित भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असं त्यांनी ठरवलं होतं.

या अटीत मोजपट्टीचं शून्य गावात ठेवलेलं आहे. गावातून निघायचं आणि रस्ता किती लांब आहे ते बघायचं. सरकारने रस्त्याचा असा विचार करणं ही त्या काळी नवी गोष्ट होती, आणि ती किती नवी होती हे आमच्या जिल्ह्याइतकं नीट कुठे समजेलसं वाटत नाही.

त्याआधी चाळीसेक वर्षं जालन्यात रेल्वे आली होती. निजामाच्या राज्यातली ही मीटरगेज लाइन सिकंदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडला १९०० च्या सुमारास पोचली. कंपनीच्या नावातच 'गॅरंटीड' हा शब्द होता, कारण भांडवल घालणाऱ्यांना परताव्याची हमी निजाम सरकारने दिली होती. आज खासगी भागीदारीतून रस्ते बांधायचे म्हणून जी चर्चा चालते, तिचं हे आमच्या अंगणातलं जुनं उदाहरण. त्या लाइनचं अंतर दोन टोकांमधलं होतं: एका टोकाला हैदराबाद, दुसऱ्या टोकाला मुंबईची वाट. मधे कापसाची बाजारपेठ असलेलं, छावणीचं गाव म्हणून जालना आलं. शहराला त्याचा फायदा झाला यात शंका नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्या मोंढ्यात आजही अभिमानाने सांगतात. पण अंबड-घनसावंगीच्या शिवारातला कापूस स्टेशनापर्यंत कसा यायचा, हा प्रश्न त्या लाइनच्या हिशेबात नव्हता. तो बैलगाडीने यायचा. पुढे मनमाडला गेज बदलायचं, म्हणून तिथे माल उतरवायचा आणि ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा भरायचा. गठाणीला दोनदा हमालांचे हात लागायचे आणि त्या हमालीचा भार शेवटी पिकवणाऱ्याच्या भावातून वजा व्हायचा. ब्रॉडगेज करा, ही मागणी मराठवाड्याने विकास आंदोलनात लावून धरली. गोविंदभाई श्रॉफांसारख्या नेत्यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आमच्या रुळांची रुंदी बदलायला १९९० चं दशक उजाडलं.

रस्त्यांची जबाबदारी दिल्लीने उचलावी हा विचारही सहज आलेला नाही. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. रस्ते हा प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ताकदीबाहेरचा विषय झाला आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभा करावा, असं तिने सुचवलं. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी निघाला. आज आपण पेट्रोल भरतो तेव्हा लिटरमागे जो रस्त्याचा उपकर देतो, त्याची मुळं त्या शिफारशीत आहेत. राष्ट्रीय पातळीवरच्या गुंतवणुकीच्या या कल्पनेला एका मराठी माणसाचं नाव जोडलेलं आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

नागपूरनंतर अंतर कमी कमी होत गेलं. १९६१ पासूनच्या वीस वर्षांच्या आराखड्याने पाच मैलांचे चार मैल केले, आणि कुठल्याही तऱ्हेच्या रस्त्यापासून गाव दीड मैलाच्या आत असावं असं म्हटलं. कागदावर हे होत असताना १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षी आमच्याकडे रस्ता या शब्दाला वेगळाच अर्थ आला. रस्ता म्हणजे काम, काम म्हणजे मजुरी, मजुरी म्हणजे चूल. बाया डोक्याला पदर बांधून खडी फोडायला बसत, लहान पोरं बाजूच्या झाडाला बांधलेल्या झोळीत, आणि दुपारी सुकडी. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या अजूनही एखाद्या रस्त्याकडे बोट दाखवून 'हा आम्ही केला' असं म्हणतात, आणि ते अक्षरशः खरं असतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. तिच्यावर टीका पुष्कळ झाली. मातीचे रस्ते दोन पावसाळ्यांत वाहून जातात, हा आक्षेप रास्तही होता. पण रस्त्यावर खर्च झालेला पैसा त्याच गावच्या घरांत पोचला, असं पुन्हा फारसं घडलेलं नाही.

मग अनुशेष हा शब्द आला. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हावार हिशेब मांडला: राज्याची सरासरी किती आणि हा जिल्हा तिच्या किती खाली. १ मे १९८१ रोजी झालेला जालना जिल्हा तेव्हा तीन वर्षांचा होता. मागासलेपण ही नुसती तक्रार न राहता तिला आकडा मिळाला, हे त्या समितीचं मोठं काम. त्यानंतर २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, आणि सपाट प्रदेशातल्या पाचशेहून अधिक लोकवस्तीच्या प्रत्येक वस्तीला बारमाही रस्ता हे ध्येय ठरलं. नागपूरच्या पाच मैलांपासून वस्तीच्या वेशीपर्यंत यायला सत्तावन्न वर्षं लागली, पण मोजपट्टीचं शून्य अजून गावातच होतं.

ते कधी हललं हे नेमकं सांगता येत नाही. सुवर्ण चतुष्कोन, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मग २०१७ ची भारतमाला, २०२१ ची गतिशक्ती, असं करत करत भाषा बदलत गेली. कॉरिडॉर, कनेक्टिव्हिटी, लॉजिस्टिक्स. अंतर मैलांऐवजी तासांत मोजलं जाऊ लागलं, आणि ते तास दोन महानगरांमधले. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, वाहतूक आणि दळणवळण. वाहतूक म्हणजे इथलं उचलून तिथे नेणं. दळणवळणात जाणंयेणं आहे, देवाणघेवाण आहे, ओळखदेख आहे. जुन्या सरकारी कागदांत दळणवळण असायचं. ते मागे पडलं आणि वाहतूक पुढे आली, असं मला वाटतं.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला. दहा जिल्हे, ३९२ गावं. आमच्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून तो सुमारे चाळीस किलोमीटर जातो. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, आणि मी या रस्त्याच्या विरोधात नाही. निधोन्याच्या इंटरचेंजवरून रुग्णवाहिका चढताना पाहिली की कुणाला त्याचं मोल सांगावं लागत नाही. जमीन देणाऱ्यांना पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला, तो इतका लक्षात राहिला की जालना-नांदेड द्रुतगती मार्गाचं भूसंपादन सुरू झाल्यावर शेतकऱ्यांनी 'समृद्धीसारखाच भाव द्या' म्हणून आंदोलनं केली. पण हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे. ठरावीक जागीच चढायचं, ठरावीक जागीच उतरायचं. ताशी १२० च्या वेगासाठी ते हवंच. मात्र ज्याचा एकच गट रस्त्याने दोन तुकड्यांत तोडला, त्याला समोर दिसणाऱ्या आपल्याच अर्ध्या शेतात जायला बोगद्यापर्यंत जाऊन, खालून निघून, पलीकडून परत यावं लागतं. पूर्वी बैल बांध ओलांडायचे. आता ट्रॅक्टरचं डिझेल लागतं.

जालन्याला नुसतं वाटेतलं गाव न ठेवणारा विचारही याच काळात झाला, हे सांगायला हवं. २५ डिसेंबर २०१५ ला जेएनपीटीच्या ड्रायपोर्टचं भूमिपूजन झालं. समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत बंदर, ही कल्पना ऐकून तेव्हा मोंढ्यात लोक हरखले होते. तिच्यामागे पक्का हिशेब होता. जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांना भंगार लागतं, त्यातलं बरंच बंदरातून येतं, आणि सळई इथून बाहेर जाते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केल्यापासून बियाण्यांचं केंद्र म्हणूनही गावाचं नाव झालं. कंटेनर इथेच भरावा, कस्टमचं सील इथेच लागावं आणि रेल्वेने तो थेट जहाजापर्यंत जावा. पुढे ड्रायपोर्टचं मल्टी मोडल लॉजिस्टिक पार्क झालं, म्हणजे योजनांच्या यादीत त्याची ओळ बदलली. मला मूळ कल्पना अजूनही फार पटते, कारण तिच्यात अंतर पुन्हा जालन्यापासून मोजलेलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव रेल्वेचंही तेच. भोकरदन, सिल्लोड, अजिंठा यांना ती पहिल्यांदाच रूळ देणार आहे. जालना-खामगावची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी, आजोबांनी केलेली नातवंडं पुढे करत आहेत. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली तेव्हा स्टेशनवर मावेना एवढी गर्दी झाली. एकेरी रुळावरून धावणाऱ्या त्या गाडीसाठी दुसरी लाइन किती गरजेची आहे, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी जुलै २०२५ मध्ये आली.

या सगळ्या आकड्यांच्या खाली एक रस्ता उरतो, ज्याला ना प्रजिमा म्हणतात ना इजिमा. पाणंद. गावापासून शेतापर्यंतची गाडीवाट. महसुली नकाशात ती दोन तुटक रेघांनी दाखवलेली असते, जागेवर मात्र दोन्हीकडच्या बांधांनी सरकत सरकत तिला अरुंद केलेलं असतं. १९४३ च्या अभियंत्यांची मोजपट्टी गावाच्या वेशीवर थांबली होती, ग्रामसडकही तिथेच थांबते. शेती मात्र वेशीच्या बाहेर आहे. राज्याने २०२१ मध्ये या रस्त्यांसाठी 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' काढली, पैसा बराचसा रोजगार हमीचा. ७२ सालचा विचार फिरून शेताच्या तोंडाशी आला. सहापदरी महामार्ग करणाऱ्या राज्याला खडी टाकलेली बारा फुटांची वाट परवडत नाही, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

मागच्या सप्टेंबरात बदनापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बागेत गेलो होतो. आंबे बहाराची मोसंबी काढायला आलेली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हा बहार नेमका पावसात उतरतो. रात्रभर पाऊस झाला होता. व्यापाऱ्याची पिकअप डांबरीवर उभी होती, तिथून बाग दीडेक किलोमीटर. काळ्या मातीत ट्रॅक्टर एकदा आत घालून पाहिला, चाकं अर्धी गेली, मग दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढला. शेवटी माणसं लावली. डोक्यावर क्रेट, पायात चप्पल नाही कारण ती चिखलात राहते, आणि मधल्या नाल्यापाशी एक जण नुसता हात द्यायला उभा. एका खेपेला पाऊण तास. व्यापाऱ्याने गाडी आत येत नाही म्हणून भाव आधीच कमी केला होता, वर मजुरी वेगळी. पाचव्या खेपेनंतर अंधार पडायला लागला. बांधावरून उत्तरेकडे समृद्धीवरच्या गाड्यांचे दिवे दिसत होते, एकामागून एक, न थांबता. शेतकऱ्याने क्रेट मोजले, चाळीस अजून झाडाखाली होते, आणि त्याने माणसांना विचारलं, 'उद्या सकाळी किती वाजता येता?'