रडूं न देणें ही दया होय काय?

बाळास रडवूं नये, ही आईची स्वाभाविक बुद्धि होय. परंतु कधींकधीं हीच बुद्धि बाळाच्या हाताची वैरीण होते. मग दया कोणती?

प्रसूतीच्या वेळीं डोकें बाहेर येऊन खांदा आंत अडकला, तर मानेंतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात, क्वचित् तुटतात. त्यांच्या पांच मुळ्यांपैकीं वरच्या दोहोंस बहुधा इजा होते. मग हात अंगाशीं लोंबतो, कोपर वांकत नाहीं, तळवा मागें वळतो. दोष कोणाचा, हें विचारणारे शेजारी पुष्कळ भेटतात: सुईणीचा, आईचा, ग्रहणाचा, पूर्वकर्माचा! निष्णात हातांतही, किंबहुना पोट चिरून काढलेल्या मुलासही, ही इजा होऊं शकते.

बहुतेक मुलें कांहीं महिन्यांत सुधारतात. म्हणून "आपोआप बरें होईल" असें म्हणणारी आजी खोटें बोलत नाहीं. पण तोंवर खांदा थांबत नाहीं. त्यास आंत वळविणारे स्नायू बहुधा चालू राहतात, बाहेर वळविणारे दुबळे होतात. शिवाय नसेचें बळ तुटलेला स्नायु हाडाबरोबर लांबीनें वाढत नाहीं. तो आंखडतो, आणि हाडाचा गोळा, कधीं पहिल्या वर्षांतच, खोबणींतून मागें सरकूं लागतो.

यास उपाय साधा आहे. हाड मोडलेलें नाहीं, हें दाक्तरानें पाहिल्यावर व रीत शिकविल्यावर, बाळाचें कोपर अंगाशीं धरून पुढचा हात हळूहळू बाहेर वळवावयाचा. असें न्हाऊं घालतांना, लंगोट बदलतांना, दिवसांतून अनेक वेळां करावें. बाळ कुरकुरतें. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यांतील एखाद्या पाड्यावरील आईनें तें पाहून हात सोडून दिला, तर तिला निर्दय कोण म्हणेल? तरी त्या खांद्यास तिची माया महाग पडते.

याची दुसरी बाजूही आहे. जर्मनीचा पुढें बादशहा झालेला दुसरा विल्हेल्म १८५९ सालीं असाच डावा हात घेऊन जन्मला. त्याचा धड हात बांधून ठेवीत, पंगु हातास विजेचे झटके देत, ताज्या मारलेल्या सशाच्या उबेंत तो ठेवीत. हात आंखूडच राहिला. मूल रडलें म्हणजे उपचार झाला, असें नव्हे. स्नायूस लांब ठेवील तेवढाच ताण द्यावा, अधिक नको.

तिसऱ्या महिन्याअखेर कोपर वांकूं लागलें नाहीं, तर नसांच्या शल्यवैद्यास दाखविणें टाळूं नये. पहिल्या ४२ दिवसांत आशाताई घरीं येते. तिलाच हात दाखवावा, म्हणजे नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलाची व तेथून पुढें मुंबईची वाट लौकर धरतां येते.

वेळ गेलेल्या मोठ्या मुलासाठीं पाठीचा स्नायु खांद्याकडे वळवून बांधण्याची शस्त्रक्रिया आहे. आठ वर्षांच्या मुलास न विचारतां ती करणें मला योग्य वाटत नाहीं. त्यास आपलें मत असतें. तान्ह्यासाठीं मात्र आईबापांनींच ठरवावें लागतें, आणि त्यांच्या हातीं महिने थोडे असतात.