भोग, गडाच्या मैदानावरचा

मराठीत ‘भोग’ हा शब्द एकाच वेळी तीन तोंडांनी बोलतो. विषयांचा उपभोग तो भोग, प्रारब्धाने वाट्याला आलेले सोसणे तोही भोग, आणि देवापुढे मांडलेले पान तोही भोगच. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी तर या सगळ्या तत्त्वज्ञानाला वळसा घालून थेट बाजरीच्या भाकरीवर आणि लेकुरवाळ्या भाजीवर येते. बंगालीने यातला देवाच्या पानाचा अर्थ रोजच्या बोलण्यात घट्ट धरला आहे. दुर्गापूजेत भर दुपारी मांडवात खिचडी वाढतात, तिला तिथे भोगच म्हणतात. भाषेने एका दोरीत बांधलेल्या या गोष्टी धर्मचिंतनाने मात्र बहुधा सोडवून वेगळ्या ठेवल्या: देवाचा भोग पावन, माणसाचा भोग बंधनकारक. मग एखादा माणूस आपल्या शहरावर जीव लावून राहतो, वैशाखातल्या पहिल्या वादळाची वाट पाहतो, पावसात चिखलातला फुटबॉल पाहायला धावतो, थंडी पडली की नव्या गुळाची चौकशी करतो, तेव्हा त्याच्या या हौसेला कोणत्या खान्यात घालायचे? ही आसक्ती, की उपासनेचाच एक प्रकार? कोलकात्याच्या फोर्ट विल्यमभोवती पसरलेल्या मैदानावर उभे राहून हा प्रश्न तपासावा असे मला वाटते. त्या मैदानाइतका आनंदाचा आणि भयाचा शेजार दुसरीकडे क्वचितच सापडेल.

कारण हे मैदान आनंदासाठी कोणी राखलेच नव्हते. 1756 मध्ये सिराजउद्दौल्याने इंग्रजांचा लालदिघीजवळचा जुना किल्ला घेतला. पुढच्या वर्षी प्लासी झाली, आणि 1758 मध्ये नव्या किल्ल्याचे काम सुरू झाले. त्यासाठी गोविंदपूर नावाचे नांदते गाव उठवले आणि तिथल्या रहिवाशांना तालतला, कुमारटुली, शोभाबाजार अशा ठिकाणी जागा दिल्या. तोफांच्या माऱ्यात आड काही येऊ नये म्हणून आजूबाजूचे रान तोडून जमीन मोकळी केली. किल्ला पुरा व्हायला 1781 उजाडले, आणि त्याच्या तोफा शत्रूवर कधी डागाव्याच लागल्या नाहीत. मारा करायला राखलेली जमीन तेवढी उरली. बंगाली माणूस तिला ‘गडेर माठ’ म्हणतो, म्हणजे गडाचे मैदान. शब्द मराठी कानाला परका वाटू नये. या भयात आपलाही वाटा आहे. नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालवर चालून आले तेव्हा 1742 मध्ये कोलकात्याने स्वतःभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि 1799 मध्ये तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. उलट बाजूने पाहा. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी आंग्ऱ्यांचा विजयदुर्ग घेतला (पेशव्यांचे त्याला साहाय्य होते, हा सल आपल्याकडे अजून बुजलेला नाही), आणि वर्षाच्या आत, 2 जानेवारी 1757 ला, याच जोडीने कोलकाता परत जिंकले. फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाले की भारतीय सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या फोर्ट विल्यमचे नाव आता कोकणातल्या त्याच किल्ल्यावरून विजयदुर्ग आहे, आणि त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी गेट म्हणायचे. ज्यांच्या धास्तीने शहराने खंदक खणला त्यांचे नाव शहराच्या किल्ल्याने घेतले. किल्ला म्हणजे राखण्याची इच्छा. पण इथे धनी बदलला, शत्रू बदलला, नावही बदलले. राखायचे म्हणून जे जे होते त्यातले थोडेच राहिले. बाहेरचे गवत मात्र दर आषाढात उगवते.

माझे म्हणणे या गवताशी निगडित आहे. आपली परंपरा भोगाला भिते ती सुखामुळे नव्हे, साठवणीमुळे. सुख आले आणि गेले तर त्यात बांधण्यासारखे काही नसते. ते परत हवे, रोज हवे, माझ्याच ताब्यात हवे, इथे बंध सुरू होतो. ऋतूंच्या आधाराने घेतलेल्या आनंदाला ही साठवण जमतच नाही. ‘ऋत’ आणि ‘ऋतू’ हे शब्द एकाच धातूचे आहेत: विश्व ज्या नेमाने चालते ते ऋत, आणि त्या नेमातली योग्य वेळ तो ऋतू. बंगाल अजून सहाही ऋतू मोजतो, हेमंतालासुद्धा वेगळे घर देतो. चैत्र-वैशाखात दिवसभर शहर भाजून निघाले की संध्याकाळी वायव्येकडून कालबैशाखी येते, आपल्या वळवाची थोरली बहीणच. धूळ, वीज, गारा, आणि तासाभरात सगळे संपलेले. ती बोलावून येत नाही आणि थांबवून थांबत नाही. वर्षेत मैदानावर फुटबॉल रंगतो. याच मैदानावर 29 जुलै 1911 ला मोहन बागानने, एक सोडून सगळे गडी अनवाणी असताना, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. शरदात काशाचे पांढरे तुरे दिसले की पूजा जवळ आल्याचे कॅलेंडर न पाहता कळते. पहाटे पडलेली पारिजातकाची फुले दुपारपर्यंत मलूल होतात, आणि ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाहीत हाच त्यांचा धडा. असा आनंद ज्याला घ्यायचा त्याला वाट पाहायला शिकावे लागते आणि सोडून द्यायलाही. माझ्या मते ही वैराग्याचीच तालीम आहे, फक्त ती रडवेल्या चेहऱ्याने केलेली नाही.

हे कविमनाचे स्वप्न नाही, याला रिवाजाचा आधार आहे. पूर्व बंगालातून आलेल्या अनेक हिंदू घरांत कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर इलिश मासा वर्ज्य असतो, तो सरस्वतीपूजेच्या दिवशी वाजतगाजत पुन्हा घरात येतो. मधल्या महिन्यांत मासा वाढतो. रिवाज पाडणाऱ्यांना हे माहीत असणार. सरस्वतीपूजेआधी विद्यार्थी बोर तोंडात घालत नाहीत, घातले तर परीक्षेत नापास, ही धमकी बंगालातल्या कित्येक पिढ्यांनी ऐकली आहे. हिवाळ्यातला नोलेन गूड, म्हणजे खजुराच्या रसाचा नवा गूळ, ज्या रसापासून होतो तो काढणारे झाडाला काही रात्री विश्रांती देतात आणि त्या विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सर्वांत गोड धरतात. त्याला ‘जिरेन’ म्हणजे विसाव्याचा रस असेच नाव आहे. गोडी विसाव्यातून येते हे तिथल्या झाडावर चढणाऱ्याला ठाऊक आहे. आपल्याकडे तरी काय वेगळे? आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे, वांग्याचे भरीत यांवर मनसोक्त हात मारायचा आणि चातुर्मासासाठी दोन्ही बंद करायचे, ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत. भोग आणि त्याग यांना एकाच पंचांगात शेजारी बसवायचे हा रिवाज कुठल्या ग्रंथकाराने एकट्याने घातलेला नाही, तरी ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्राचा आशय यापेक्षा फार निराळा नाही: सगळे ईश्वराने व्यापले आहे, म्हणून सोडून देऊन भोग घे, दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको. हा मंत्र देवेंद्रनाथ ठाकुरांना, म्हणजे रवींद्रनाथांच्या वडिलांना, एका उडत आलेल्या फाटक्या पानावर मिळाला असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ऐश्वर्यात वाढून त्याच ऐश्वर्याला विटलेल्या त्या तरुणाला रान गाठायला न सांगता भोगाची रीत सांगणारे पान हाती लागावे, आणि तेही कोलकात्यात, हे मला फार समर्पक वाटते.

संन्याशाचा आक्षेप इथे समोर येतो, आणि तो हलका नाही. तो म्हणेल: शहर हेच मायेचे मोठे दुकान आहे, तुकोबा भंडाऱ्यावर गेले ते उगीच नाही, ऋतूची हौस ही इंद्रियांचीच हौस, तिला उपासनेचे पांघरूण घालू नका. याला उत्तर द्यायला दुसऱ्या संन्याशाला बोलावणे बरे. रामकृष्ण परमहंसांनी आयुष्यभर कामिनी आणि कांचन यांपासून सावध राहायला सांगितले. तेच रामकृष्ण 15 नोव्हेंबर 1882 ला, हेमंतातल्या दिवशी, याच मैदानावर विल्सनची सर्कस पाहायला आले, स्वस्तातले तिकीट काढून बसले, आणि धावत्या घोड्यावर एका पायावर उभी राहणारी बाई पाहून खूश झाले. किती वर्षे तिने सराव केला असेल, संसारात राहून ईश्वर साधायचा तर तसाच सराव हवा, असे ते नंतर शिष्यांना म्हणाले. दुसऱ्या एका वेळी ते मैदानावर आकाशात चढणारे बलून पाहायला गेले होते. तिथे झाडाला टेकून, अंगाला तीन ठिकाणी बाक देऊन उभा असलेला एक इंग्रज पोरगा त्यांना दिसला, त्यांना त्रिभंगी कृष्ण आठवला आणि त्यांची समाधी लागली. आक्षेप घेणारा म्हणेल, त्यांनी कृष्ण पाहिला, मैदान नव्हे. खरे आहे, पण बलून पाहायला जाणे हे कोणत्याही साधनेचे अंग नाही. ती निखळ हौस होती. हौसेने बाहेर पडलेल्या डोळ्याला कृष्ण दिसला, आणि तोही राज्यकर्त्यांच्या पोरात, त्यांच्या किल्ल्याच्या सावलीत. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात अज्ञानाचे खंडन करायला सर्वांत जास्त जागा दिली आणि जगाला भ्रम न म्हणता त्या एका चैतन्याचा विलास म्हटले. जग विलास असेल तर ते पाहण्याची हौस ही पाप कशी ठरेल? ती आंधळी होऊ शकते, हावरी होऊ शकते, तेवढे सांभाळायचे.

यापेक्षा अवघड आक्षेप देवाचा नाही, शेजाऱ्याचा आहे. पावसाचा आनंद छपराखालून होतो. शहरातल्या ठनठनियाला गुडघाभर पाणी साचते तेव्हा हातरिक्षा ओढणाऱ्याला मल्हार आठवत नाही. 1943 च्या दुष्काळात खेड्यांतून आलेली माणसे याच शहराच्या फुटपाथवर भुकेने मेली, तेव्हाही शरद आला होता आणि काशही फुलला असणार. 16 ऑगस्ट 1946 ला मैदानातल्या ऑक्टरलोनी मिनाराखाली, आजच्या शहीद मिनाराखाली, सभा भरली आणि त्या दिवसापासून शहरात जी कत्तल झाली तिने श्रावणाला काही विचारले नाही. गोविंदपूरच्या उठवलेल्या माणसांपासूनच हा हिशेब सुरू होतो. मी याला उत्तर असल्याचा आव आणणार नाही. ऋतूंचा आनंद दुःखाचे समर्थन करत नाही आणि त्याने ते करू नये. पण त्या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष, की म्हणून आनंद घेणेच अनैतिक, मला मान्य नाही. भोगाचा दुसरा अर्थ, सोसण्याचा, इथे पुढे येतो. ज्याला कालबैशाखीचा गारवा कळतो त्यालाच उन्हात राबणाऱ्याचे ऊन कळण्याची शक्यता असते. एअर कंडिशनरच्या खोलीतून बारा महिने एकच हवा घेणाऱ्याला ऋतूही कळत नाही आणि शेजारीही. ऋतू हा श्रीमंत-गरिबांच्या डोक्यावर एकाच वेळी येणारा उरलेला मोजका अनुभव आहे. तो सारखा येत नाही, पण एकाच दिवशी येतो. आनंदाची कसोटी एवढीच धरावी की त्यासाठी दुसऱ्याला उठवावे लागते का. किल्ल्यासाठी लागले. आज त्या गवतावर शेळ्या चरतात, घोडे फिरतात, पोरे क्रिकेट खेळतात, ईदची नमाज शेजारच्या रेड रोडवर होत आली आहे, आणि कोणी दाराशी तिकीट मागत नाही. गंमत अशी की हे मोकळेपण टिकले ते सैन्याने जमिनीवरचा हक्क न सोडल्यामुळे. नाहीतर कोलकात्यातल्या बिल्डरांनी एवढे गवत शिल्लक ठेवले नसते. अपरिग्रहाचे हे व्रत छावणीच्या नियमांनी सांभाळले, साधुसंतांनी नाही.

आणखी कोणी म्हणेल, आता हे ऋतुचक्र उरलेच कुठे? नोलेन गूड नळीत भरून बारमाही मिळतो, पूजेचे मांडव जाहिरातदारांच्या पैशावर उभे राहतात, 2021 मध्ये दुर्गापूजा युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तर ती पर्यटनाचा माल झाली. यातले बरेच खरे आहे आणि नळीतल्या गुळाबद्दल मला आदर नाही. पण या शहराला सोडून देणेही अजून जमते. कोलकाता पुस्तक मेळा 1976 पासून मैदानावर भरत होता. गर्दीने आणि धुळीने मैदानाचे हाल होतात म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 2007 पासून मेळ्याला ती जागा सोडावी लागली. पुस्तकवेड्या लोकांना ते फार लागले. तरीही मेळा दुसरीकडे भरला आणि मैदान मैदान राहिले. मूर्तीचे पाहा. कितीही कोटींचा मांडव असो, दशमीनंतर देवी गंगेत जातेच. किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर बाबूघाटावर ती उतरते, तासाभरात रंग विरघळतो, माती मातीला मिळते, आणि महापालिकेची माणसे पेंढ्याबांबूचे सांगाडे पाण्यातून ओढून काठावर टाकतात. जाहिरातदारालाही मूर्ती मांडवात कायमची ठेवता येत नाही. पूजेपुरता तरी बाजाराने इथे ऋतूपुढे हात टेकले आहेत.

म्हणून शहरावर ऋतूऋतूने प्रेम करणाऱ्या हौशी रहिवाशाला मी भोगी म्हणेन, पण संक्रांतीच्या आदल्या दिवसाच्या अर्थाने. देवीचे विसर्जन झाले की त्याच्या शहरात जुन्या रीतीप्रमाणे पुढच्या वर्षाच्या मूर्तीचे काम लगेच सुरू होत नाही. त्यासाठी मधले महिने जाऊ देतात. अनेक जुन्या घरांत आणि कुमारटुलीच्या मूर्तिकारांच्या कारखान्यांत नव्या मूर्तीच्या सांगाड्याची पूजा रथयात्रेला होते, आषाढ शुद्ध द्वितीयेला. त्यानंतर बरोबर सात तिथींनी आपल्याकडे कांदेनवमी असते.