उरलेले अन्न आणि शेजाऱ्याचा हक्क

‘माझ्या पैशाने आणलेले अन्न मी टाकले, तर कोणाचे काय बिघडले?’ हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु रिसोडच्या शिवारात जून-जुलैत पेरलेली तूर घरात यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तो पाऊस कोणी विकत घेतला होता? संपत्तीचा खरा मालक अल्लाह आहे, मनुष्य केवळ विश्वस्त. आणि विश्वस्ताला वापरण्याचा अधिकार असतो, नासवण्याचा नसतो.

सूरह अल्-अन्आमची १४१ वी आयत कापणीच्या दिवशीच पिकातला हक्क देण्यास सांगते आणि लगेच उधळपट्टीची मनाई करते. पावसावरच्या पिकात हा हक्क दहावा हिस्सा, म्हणजे उश्र. या दोन आज्ञा शेजारी-शेजारी का याव्यात, यावर विचार व्हायला हवा.

काही जण म्हणतील, ‘आम्ही टाकत नाही, सकाळी कामवाल्या बाईंना देतो.’ येथे जरा थांबावे. जे स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ते दान म्हणून देऊ नका, अशी ताकीद सूरह अल्-बकरामध्ये (आयत २६७) आहे. मग रात्रभर उघडी राहिलेली डाळ दान कशी ठरेल? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना रस्सा शिजवतानाच पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवण्यास सांगितले. शेजाऱ्याचा वाटा पातेले चुलीवर असतानाच ठरला.

राहिला पाहुणचार. दोघांचे अन्न तिघांना पुरते, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तरीही दस्तरखानावर काही उरले नाही तर यजमानाची अब्रू गेली, असे आपल्याकडे मानतात. ही समजूत रिवाजाची आहे, दीनची नव्हे.