सोडून दिलेला मासा

अमेरिकेतील मोंटाना राज्यात डोंगरी नद्यांवर ट्राउट मासा धरणारे अनेक हौशी लोक पिसे व दोऱ्याची खोटी माशी गळाला बांधतात आणि हाती आलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. सोडला म्हणजे वाचला, ही त्यांची समजूत थंड पाण्यात बहुधा खरी ठरते. परंतु उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. गळाशी झुंजून थकलेला ट्राउट हातातून निसटतो, दिसेनासा होतो आणि पुढे कोठेतरी मरतो. म्हणून पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटपर्यंत तापले, तर तेथील खाते दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवू शकते.

मग ७२ अंशांवर काय? नियम मोडलेला नाही, हेतूही दयेचा. तरी त्या मृत्यूचा भार कोणावर? अजाणतेपणी घडले तर दोष सौम्य होतो, हे आम्ही मानतो. पण पाणी तापले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने अजाण कसे म्हणवून घ्यावे? खाण्यासाठी मासा मारणारा निदान आपण काय केले हे जाणतो. (मासे आवडीने खाणाऱ्या आम्हांला हे म्हणणे सोयीचे आहे, हे कबूल.)

काही जण खिशात तापमापक बाळगतात. तो पाण्यात बुडवून पाहतात आणि बंदी येण्याआधीच गळ गुंडाळून घरी जातात.