दया कोणी करावी?

जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीचे दर्शन घेऊन परतताना आमच्या मंडळींत एकदा वाद निघाला : शिकार हे स्त्रीचे काम आहे काय? रानडुकरांनी पीक उकरले की बंदुकीची आठवण होणाराच हा मुलूख, तेव्हा प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. एका वृद्ध गृहस्थांनी निकाल दिला, "दया हा स्त्रीचा धर्म, तिने शस्त्र धरू नये." सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली.

पुढे रामकथेतील सुवर्णमृग आठवला. मृग मागितला सीतेने, बाण सोडला रामाने. कीर्तनात दोष मात्र येतो तो मागणारीच्या पदरी. स्त्रीचा हात शस्त्रास चालत नाही म्हणावे, तर १६१७ साली नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ टिपल्याचे जहांगीराने कौतुकाने लिहून ठेवले आहे. अर्थात तिच्या हौद्याभोवती साम्राज्य उभे होते!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीस आळा घातला. परंतु कायद्यात शिकार म्हणजे केवळ वध नव्हे. पकडणे, हाकणे, सापळा लावणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे हीही शिकारच. माणसाच्या जिवावर उठलेल्या वाघाविरुद्ध ती कलम ११ खालील लेखी हुकमाने करता येते. भारतीय वनसेवेत स्त्रिया प्रथम आल्या १९८० साली. तेव्हा वाघीण पकडावयास निघालेली वनाधिकारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने शिकारीसच निघालेली असते, आणि या कामात ती अजून नवखी आहे.

२०१८ साली यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्यास हेच घडले. 'अवनी' वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तेथील उपवनसंरक्षक श्रीमती के. एम. अभर्णा यांच्यावर मोहिमेचा भार होता. आधी बेशुद्ध करून पकडावे, न साधल्यास गोळी घालावी, असा हुकूम. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात त्यात हात घातला नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री एका खाजगी शिकाऱ्याच्या गोळीने वाघीण मेली. मागे दोन बछडी राहिली. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असे पुढे चौकशीत निघाले.

"एका आईस मारताना त्या बाईंस काही वाटले नसेल काय?" असे त्या दिवसांत आम्ही घरी बोलून गेलो. गोळी त्यांनी झाडली नव्हती. आणि त्या जागी पुरुष असता तर हा प्रश्न आमच्या तोंडी आलाच नसता. दयेचा सगळा वाटा स्त्रीच्या नावे लिहून ठेवला की पुरुषास तिच्यातून सूट मिळते, हे वकिली करीत असूनही आम्हांस उशिरा उमगले.

नवख्या स्त्रीस आधार द्यावयाचा तो तिच्या कोमलपणाचे गोडवे गाऊन नव्हे. तिला पाऊलखुणा वाचणारा जाणता माणूस हवा, रात्रीच्या गस्तीस भरवशाची सोबत हवी, बेशुद्धीच्या औषधाचे प्रमाण जाणणारा पशुवैद्य हवा. आणि उत्तर तिला द्यावयाचे असेल, तर बंदूक कोणाच्याही हाती असो, ती केव्हा उचलावी हे तिनेच ठरवावयास हवे.