गुणवंताला द्यावे तरी काय?

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे आवार होते. श्रावणात तिथे ब्राह्मणांची रीघ लागे आणि पेशव्यांकडून दक्षिणा वाटली जाई. प्रथा मुळात तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, त्यानंतर पेशव्यांनी ती पुण्यात चालवली. गर्दीतल्या बहुतेकांच्या हाती किरकोळ रक्कम पडे. शास्त्री-पंडितांची मात्र वेगळी परीक्षा होई आणि ज्याचा जसा अधिकार तशी त्याची दक्षिणा ठरे. रामशास्त्री प्रभुण्यांचे सख्खे भाऊ एकदा दक्षिणेला आले, तेव्हा त्यांना भरघोस रक्कम द्यावी असे नाना फडणीसांच्या मनात होते. रामशास्त्री म्हणाले, इतरांना देता तेवढेच द्या. भाऊ म्हणून जे करायचे ते मी घरी करीन. ही आख्यायिका आहे, पण ती इतकी वर्षे सांगितली जाते याला कारण आहे. नाते एकीकडे आणि विद्या एकीकडे, हा भेद समाजाला तेव्हाही हवासा वाटत होता.

मात्र रमण्याच्या दारातून आत कोण जाऊ शकत होते? एका जातीचे पुरुष. कशासाठी? वेद आणि शास्त्रांसाठी. मराठीत लिहिणाऱ्याला तिथे जागा नव्हती. पुणे इंग्रजांच्या हाती गेल्यावरही एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम मोडली नाही. त्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ साली पुण्यातल्या काही सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. शहर खवळले. अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. गौरव आता जन्माने मिळणाऱ्या अधिकाराचा राहिला नव्हता, केलेल्या कामाचा झाला होता. आपल्याकडच्या विद्याव्यवहारातले हे फार मोठे वळण आहे, आणि त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही.

याच कमिटीकडे १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. ज्याच्या पाठबळाने बक्षिसाचा मार्ग खुला झाला त्याचेच लेखन बक्षिसाला नालायक ठरले. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे स्वच्छ लिहिले. निकष बदलले तरी निकष लावणारी माणसे तीच राहिली तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ आले आणि १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. दक्षिणेच्या पैशाला आता तिसरे रूप मिळाले होते, ते म्हणजे दक्षिणा फेलोशिप. रानडे, भांडारकर आणि नंतर आगरकर हे सगळे दक्षिणा फेलो. हुशार विद्यार्थ्याला शाल-श्रीफळ देऊन घरी न पाठवता कॉलेजातच ठेवायचे, खालच्या वर्गांना शिकवायला लावायचे आणि सोबत त्याचा स्वतःचा अभ्यास चालू राहील अशी सोय करायची. मान म्हणजे जबाबदारी, असा त्याचा अर्थ होता. आजवरच्या सगळ्या तऱ्हांमध्ये ही मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

पण रानड्यांच्याच विद्यार्थिदशेतली दुसरी गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना करणारा त्यांचा निबंध प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना खटकला आणि सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. ग्रँट हे रानड्यांच्या बुद्धीचे चाहते होते. उत्तरपत्रिकेतली बुद्धी त्यांना प्रिय होती, निबंधातली स्वतंत्र बुद्धी सोसवली नाही. मानव्यविद्यांमध्ये गुणवत्ता ओळखण्याची खरी अडचण इथे आहे. गणितात उत्तर बरोबर की चूक हे ठरवता येते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांत सर्वांत चांगला विद्यार्थी पुष्कळदा परीक्षकाला अस्वस्थ करणारेच काहीतरी लिहितो.

मुलींच्या बाबतीत तर बरोबर उत्तरही पुरत नव्हते. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. त्या परीक्षेत त्या सर्वांच्या पुढे होत्या. या यशावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती आपल्याला नाकारली गेली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. लोकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा त्यांनी दिली, पदवी हातात पडली १९२२ मध्ये. मधली तीस वर्षे ऑक्सफर्डला ही बाई विद्वान आहे हे माहीत होते, फक्त तसे लिहून द्यायचे नव्हते.

अमेरिकेतही हा प्रवास फार वेगळा नाही. तिथला फाय बीटा कॅपा हा कला-विज्ञान शाखांच्या गुणवंतांचा सर्वांत जुना मान. १७७६ च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वादविवादासाठी गुप्त मंडळ म्हणून तो सुरू केला. स्त्रियांना त्यात प्रवेश मिळायला १८७५ साल उजाडले. पुढे पदवीवर 'सन्मानासह' असे लॅटिनमध्ये छापण्याची रीत रुळली, आणि ती इतकी सैल झाली की २००१ साली हार्वर्डच्या ९१ टक्के पदवीधरांना कोणता ना कोणता सन्मान मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. विद्यापीठाला त्यावर मर्यादा घालावी लागली.

या सगळ्यात मला वारंवार थांबावेसे वाटते ते फिलाडेल्फियाजवळच्या स्वॉर्थमोर या लहानशा कॉलेजपाशी. फ्रँक एडलॉट तिथे १९२१ साली अध्यक्ष झाले. ते ऑक्सफर्डला शिकून आलेले होते. १९२२ मध्ये त्यांनी ऑनर्सची नवी पद्धत घातली. शेवटच्या दोन वर्षांत निवडक विद्यार्थी मोठ्या वर्गाऐवजी मूठभरांच्या चर्चासत्रात बसत, स्वतः टिपणे लिहीत आणि एकमेकांची टिपणे सोलून काढत. शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतले अभ्यासक येत. लेखी झाल्यावर समोर बसून तोंडी. ऑनर्स कोणत्या दर्जाचा हे ठरवत तेच; शिकवणाऱ्यांचा त्यात हात नसे. काळानुसार तपशील बदलले, तरी बाहेरचा परीक्षक हा कणा आजही टिकून आहे. यात एक मोठी गोष्ट साधते. शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. विद्यार्थ्याला शिक्षकाच्या मर्जीचे लिहावे लागत नाही, आणि एका अनोळखी जाणकाराने आपले लिहिणे मन लावून वाचले, त्यावर तासभर आपल्याशी वाद घातला, हा अनुभव त्याला मिळतो. विशीतल्या मुलाचा याहून मोठा सन्मान कोणता असू शकतो?

आपल्याकडे आज काय चित्र आहे? बी.ए.ला मराठीत किंवा इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यासाठी विद्यापीठांत कुणा दिवंगत व्यक्तीच्या नावाची पदके आहेत. दात्यांची भावना खरी असते. पण पदवीदान समारंभात नाव पुकारले जाते, टाळ्या होतात, फोटो निघतो, आणि त्या मुलीने तीन वर्षांत काय वाचले, काय विचार केला, याबद्दल सभागृहात एक वाक्यही उच्चारले जात नाही. आर्ट्सला गेलेल्या मुलांना तसेही घरीदारी 'पुढे काय?' हाच प्रश्न ऐकावा लागतो. त्यांच्या कामाबद्दल विद्यापीठही गप्प राहिले तर त्यांनी कुणाकडे बघावे?

आता नव्या शैक्षणिक धोरणाने चौथे वर्ष आणले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येईल आणि त्यासाठी प्रबंध लिहावा लागेल. संधी चांगली आहे. पण आपल्याकडचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग होऊन येतात, सही होते आणि कपाटात जातात. प्रबंधाचेही तेच झाले तर ऑनर्स हा शब्द गुणपत्रिकेवरच्या आणखी एका ओळीपुरता उरेल.

म्हणून विभागप्रमुखांना आणि प्राचार्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. यंदा चौथ्या वर्षाचे प्रबंध आले की प्रत्येकासाठी दुसऱ्या गावचा एक वाचक शोधा. सोलापूरच्या मुलीचा प्रबंध नागपूरच्या प्राध्यापकाने वाचावा, रत्नागिरीच्या मुलाचा छत्रपती संभाजीनगरच्या. तोंडी परीक्षा सगळ्या वर्गासमोर घ्या, आईवडिलांना बोलवा. पदक देताना टक्केवारीच्या आधी प्रबंधाचा विषय वाचून दाखवा आणि त्यातला उत्तम परिच्छेद त्या विद्यार्थ्यालाच वाचायला सांगा. याला फारसा खर्च येत नाही, कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.