खळ्यातले हास्य

चित्ताच्या ज्या पाच वृत्ती पतंजलीने सांगितल्या आहेत त्यांत स्मृतीचा क्रम शेवटचा लागतो, आणि या वृत्ती क्लिष्टही असतात व अक्लिष्टही असतात, म्हणजे क्लेशांना पोसणाऱ्या आणि न पोसणाऱ्या, हे त्याने आधीच बजावून ठेवले आहे. मग एखाद्या गोड आठवणीने मन सुखावते तेव्हा ती आठवण कोणत्या सदरी जमा धरावी? हा प्रश्न मला पडला तो मिरजोळ्याला काकांच्या खळ्यात, मुंबई दूरदर्शनच्या 'गप्पागोष्टीं'चा विषय निघाला असता.

रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या या गावाच्या कातळावर आज औद्योगिक वसाहतीचे कारखाने उभे आहेत. पण ज्या दिवसांविषयी मी सांगतो आहे, त्या दिवसांत आमच्या वाडीत दूरचित्रवाणीचा संच एकुलता एक होता, आणि तोही काकांच्या ओटीवर फळीवर मांडलेला. चिव्याच्या काठीला बांधलेला अँटेना एक पोरगा परसात उभा राहून फिरवी, ओटीवरून "आलं, आलं… गेलं!" असा पुकारा होई, आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून माणसे एकदाची निवळली की 'आमची माती, आमची माणसं' सुरू होई. उसाला पाण्याची पाळी कधी द्यावी आणि कांदा चाळीत कसा साठवावा, हा सारा उपदेश आम्ही विद्यार्थ्यांच्या निष्ठेने ऐकत असू. वास्तविक आमच्या सातबाऱ्यावर ऊस कधी चढला नव्हता, भाताची चार कुणगी आणि आंब्याची दहापाच कलमे एवढाच काय तो आमचा मुलूख. हे सारे सोसायचे ते 'गप्पागोष्टीं'साठी. शिवाजी फुलसुंदर यांच्या निर्मितीतल्या त्या कार्यक्रमात राजा मयेकर आणि माया गुजर यांच्या बोलाचालीतून, थट्टेच्या पुडीत बांधलेली सरकारी माहिती घशाखाली केव्हा उतरली हे कळतही नसे. मयेकर हे शाहीर साबळ्यांच्या लोकनाट्यांत घडलेले नट, 'यमराज्यात एक रात्र' खेळलेले; ज्याने यमाच्या दरबारात हशा पिकवला त्याला शेतकी खात्याचे परिपत्रक काय जड जाणार!

भरताने हास्याचे दोन प्रकार केले आहेत: मनुष्य स्वतःच हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. टीकाकारांच्या वादात न शिरता मी या शब्दांचा माझ्यापुरता अर्थ लावून घेतो. स्वतःला हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसणे ते परस्थ. या मापाने पाहता आमचे त्या ओटीवरचे हसणे प्रथम अगदी परस्थ होते, हे कबूल केले पाहिजे. पडद्यावरची बोली देशावरची, आम्ही कोकणातले. "ही घाटावरची माणसं अशीच" असे म्हणून हसण्यात जी सुरक्षितता असते ती आम्ही मनसोक्त उपभोगली.

मात्र एका संध्याकाळी निराळेच घडले. प्रसंग कोणता होता ते आता आठवत नाही, पण पडद्यावर कोणीतरी आपलेच म्हणणे हट्टाने पुढे रेटीत होते, आणि काकू तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, हे तर तुम्हीच बोलताय!" त्या वेळी गडग्याच्या हातभर जागेवरून काकांचा सख्ख्या चुलतभावाशी दिवाणी दावा चालू होता, आणि घरात त्याविषयी अवाक्षर काढण्याची कोणाची छाती नव्हती. क्षणभर ओटी स्तब्ध झाली. मग काका हसू लागले. प्रथम नाकातून, मग खांदे हलवीत, शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दावा त्यांनी काढून घेतला नाही, पुढच्या तारखेला इस्त्रीचा सदरा घालून ते हजर होते; पण त्या संध्याकाळी, घटकाभर का होईना, वादी खळ्याबाहेर उभा होता.

अविद्येच्या खालोखाल पतंजली अस्मितेला क्लेश म्हणतो. जे हसणे अस्मितेचा पीळ थोडा सैल करते त्याची आठवण मी अक्लिष्टच मानीन. यावर कोणी म्हणेल की सुखाच्या पाठोपाठ राग, म्हणजे आसक्ती, येतेच, आणि तेही पतंजलीचेच मत आहे. आक्षेप खरा आहे; ती मुंग्यांची पेटी पुन्हा हवी, ती माणसे पुन्हा हवीत, असे मला वाटते तेव्हा मी क्लेशच पोसत असतो. पण काकांचे हलणारे खांदे आठवले की काही हवेसे वाटत नाही, एवढेच मला पुराव्यादाखल सांगता येईल.

आमच्या शिमग्याने हे शास्त्रकारांची वाट न पाहता ठरवून टाकले असावे. खेळ्यांतला संकासुर हा वस्तुतः वेद चोरणारा दैत्य, पण काळा झगा आणि उंच टोपी घालून तो अंगणात आला की पोरे आधी पळतात आणि मग हसतात, आणि देव ते चालवून घेतो. गेल्या शिमग्यात तो आमच्या खळ्यात आला आणि काठी टेकीत, मान ताठ ठेवून, थेट काकांची चाल चालून दाखवू लागला. काका आता थकले आहेत. हसता हसता त्यांना ठसका लागला. पंचाने डोळे पुसून, संकासुराच्या हातावर दक्षिणा ठेवून ते माझ्याकडे वळले.

"सोमवारी तारीख आहे," ते म्हणाले, "येशील ना सोबतीला?"